वाचकांचे प्रश्न : परदेश दौरा आणि बारावा गडी

गेल्या अंकात आम्ही भारतीय क्रिकेट संघाच्या परदेश दौऱ्यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे खेड्यांतून आली आहेत आणि कापसाच्या वेचणीच्या धामधुमीत, दिवसभराची कामे उरकून ती लिहिली गेली आहेत हे त्यांच्या मजकुरावरूनच कळते. सर्व पत्रांना जागा देणे शक्य नसल्यामुळे त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : तुरीच्या राखणीसाठी आम्ही रात्री वावरात जागलीवर असतो. ऑस्ट्रेलियातला कसोटी सामना कधी पहाटे पाचला, कधी पावणेसहाच्या पुढे, तर कधी पावणेआठनंतर सुरू होतो. एकाच देशात वेळा अशा वेगवेगळ्या का? आणि सकाळची कामे सांभाळून सामना पाहण्याचा काही मेळ बसतो का?
— एक शेतकरी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : आपल्या देशात गडचिरोलीपासून गुजरातपर्यंत घड्याळ एकच चालते, ऑस्ट्रेलियात तसे नाही. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, मेलबर्न आणि सिडनी या शहरांतील घड्याळे आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतात, कारण तेथे उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे सरकवण्याची पद्धत आहे. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडने ही पद्धत स्वीकारलेली नाही, त्यामुळे तेथील अंतर साडेचार तासांचे राहते. ॲडलेड आपल्या पाच तास पुढे आहे, तर पश्चिम टोकाला असलेले पर्थ केवळ अडीच तास पुढे आहे. सामना सर्वत्र स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपासच सुरू होतो. आपल्याकडे मात्र तो मेलबर्न आणि सिडनीहून पहाटे पाचला, ब्रिस्बेनहून साडेपाच ते सहाच्या दरम्यान आणि पर्थहून पावणेआठनंतर पोहोचतो. ॲडलेडला प्रकाशझोतातील कसोटी असेल तर ती आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू होते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मेलबर्न किंवा सिडनीचा सामना असेल तर पहिले सत्र पाच ते सात असे चालते, त्यानंतर उपाहाराची चाळीस मिनिटे असतात. दूध काढून ते डेअरीवर पोहोचते करण्यास ही चाळीस मिनिटे पुरतात. दुसरे सत्र नऊ चाळीसला संपते, चहापान वीस मिनिटांचे असते आणि दुपारी बाराच्या सुमारास, षटके उरली असल्यास साडेबारापर्यंत, दिवसाचा खेळ संपतो. पाहायचे एकच सत्र निवडायचे झाले तर पहिले निवडावे. जागलीवरून उजाडण्यापूर्वी परत आल्यावर आपण जी दोन तासांची झोप घेता, तिच्याच वेळेला नवा चेंडू सर्वांत जास्त हलत असतो, हे आपले दुर्दैव म्हणावे लागेल.

प्रश्न : डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला, तेव्हापासून माझे विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात : घरी धावांचे डोंगर रचणारे फलंदाज परदेशात असे का कोसळतात? दौऱ्यावरील सराव सामने कमी झाल्यामुळे असे होते, असे मी त्यांना सांगत आलो आहे. ते बरोबर आहे का?
— एक शिक्षक, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती

उत्तर : आपले उत्तर अर्धे बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा असल्यामुळे येथे जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम चेंडू पाहू. एका परिचितांनी आणून दिलेले तीन जुने कसोटी चेंडू माझ्यापाशी आहेत आणि मागच्या वर्षी एका शाळेच्या ओसरीवर मी ते मुलांच्या हातात दिले होते. डोळे मिटून शिवणीवरून अंगठ्याचे नख फिरवा, असे मी त्यांना सांगितले. सातवीतल्या एका मुलीने क्षणात ओळखले की एका चेंडूची शिवण दबलेली आहे आणि उरलेल्या दोघांची अजून टोचते. दबलेल्या शिवणीचा चेंडू कुकाबुराचा होता. तो ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत वापरतात. त्याच्या सहा ओळींच्या शिवणीपैकी मधल्या दोन ओळी हाताने आणि बाहेरच्या चार यंत्राने घातलेल्या असतात, म्हणून तो सुरुवातीची काही षटके झपाट्याने हलतो आणि मग शांत होतो. इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स पूर्णपणे हाताने शिवलेला असतो. त्याची शिवण दीर्घकाळ उभी राहते आणि ढगाळ हवेत तो पन्नासाव्या षटकातही फलंदाजाला स्वस्थ बसू देत नाही. आपल्याकडचा एस. जी. हा चेंडू मेरठला तयार होतो. तोही हाताने शिवतात आणि त्याची शिवण जाड असते. म्हणजे एकाच वर्षात भारतात, ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये खेळणारा फलंदाज तीन वेगवेगळ्या स्वभावांच्या चेंडूंशी झगडत असतो.

दुसरी गोष्ट मातीची. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायला नको. खेळपट्टी तयार करणारा माळी याच गुणावर काम करतो : चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेली माती ओली असताना जड रोलरने दाबली आणि हळूहळू वाळू दिली की ती दगडासारखी कठीण होते. ब्रिस्बेनची खेळपट्टी अशाच चिकणमातीची आहे. वर हिरवळ राखलेली असते आणि खाली पाया टणक असतो, म्हणून चेंडू तेथे उसळतो. आपल्याकडच्या उन्हात पृष्ठभाग लवकर सुटतो, धूळ उडते आणि चेंडू वळू लागतो, पण उसळी कमी राहते. मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थच्या नव्या स्टेडियममधील खेळपट्ट्या तर मैदानाबाहेर साच्यांत वाढवून मोसमाच्या तोंडावर मैदानात आणून बसवतात, कारण हिवाळ्यात त्याच मैदानांवर तिकडचा फुटबॉल खेळला जातो. ही माहिती मुलांना मोठी नवलाची वाटते, असा माझा अनुभव आहे.

या दोन्ही गोष्टींचा परिणाम असा की नागपूरला जो चेंडू फलंदाजाच्या मांडीपर्यंत येतो, तोच टप्पा ब्रिस्बेनला छातीपर्यंत येतो. कोणता चेंडू खेळावा आणि कोणता सोडावा, याचा निर्णय डोळा घेण्याआधीच सवय घेऊन टाकते. ती सवय मोडायला वेळ लागतो. ॲडलेडच्या त्या डावात एकाही भारतीय फलंदाजाला दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. जोश हेझलवूडने ८ धावांत ५ आणि पॅट कमिन्सने २१ धावांत ४ बळी घेतले. धावफलक पाहून फलंदाजांनी बेफिकिरी केली असे वाटेल. प्रत्यक्षात बरेच जण, जेमतेम बॅटची कड लागेल इतक्याच हललेल्या चेंडूंवर, यष्टीमागे झेल देऊन बाद झाले. त्या दिवशी कड लागत राहिली, एवढेच.

आता सराव सामन्यांविषयी. त्या दौऱ्यावर ॲडलेडपूर्वी भारताने तीन-तीन दिवसांचे दोन सराव सामने खेळले होते, त्यांतला एक तर ॲडलेडच्या कसोटीसारखाच प्रकाशझोतात, गुलाबी चेंडूने सिडनीला झाला होता. तरीही ३६ धावा झाल्या. याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला जाण्यापूर्वी यजमान देशाच्या कोणत्याही संघाशी सराव सामना झालेला नव्हता, केवळ आपापसांत खेळून संघ उतरला आणि २९५ धावांनी जिंकला. म्हणून सराव सामने नाहीत म्हणून हरलो, असे सरळ गणित मांडता येत नाही.

तरीसुद्धा सराव सामने कमी झाले याची मला मनापासून खंत वाटते आणि तिचे कारण वेगळे आहे. पहिल्या अकरांना जाळीतल्या सरावावर कसेबसे निभावता येते. खरे नुकसान होते ते संघाबरोबर गेलेल्या उरलेल्या सहा-सात जणांचे. पूर्वी इंग्लंडमध्ये कौंटी म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या संघांशी, ऑस्ट्रेलियात राज्यांच्या संघांशी तीन-तीन दिवसांचे सामने असत आणि त्यांत राखीव खेळाडूंना परक्या मातीचा अंदाज येई. आज त्यांना तो अंदाज थेट कसोटीत घ्यावा लागतो. ॲडलेडनंतरच्या त्याच मालिकेत दुखापतींमुळे भारताला एकूण २० खेळाडू वापरावे लागले. ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीत उतरलेल्या पाच गोलंदाजांपाशी, मोहम्मद सिराज, नवदीप सैनी, शार्दुल ठाकूर, टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्यापाशी, सर्वांचे मिळून अवघ्या चार कसोटी सामन्यांचा अनुभव होता. त्यांनी ऑस्ट्रेलियाचे वीसही बळी घेतले, ठाकूर आणि सुंदर यांनी पहिल्या डावात अर्धशतके काढली आणि १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठून, १९८८ पासून ऑस्ट्रेलिया ज्या मैदानावर हरला नव्हता तेथे, तीन गडी राखून विजय मिळवला. विद्यार्थ्यांना ३६ ची गोष्ट सांगताना आपण ही गोष्टही त्याच तासाला सांगावी, अशी माझी विनंती आहे. दोन्हींच्या मध्ये एका महिन्याचेच अंतर आहे.

प्रश्न : भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीचा कर्णधार नागपूरचा होता असे आमचे वडील सांगत. ते खरे आहे का?
— एक निवृत्त कर्मचारी, हिंगणघाट

उत्तर : पूर्णपणे खरे आहे. कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. पुढे ते इंदूरच्या होळकर संस्थानात गेले आणि लोक त्यांना इंदूरचे म्हणून ओळखू लागले, तरी त्यांचे बालपण आणि खेळाचे पहिले धडे नागपूरचेच आहेत. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघाचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. त्या काळी संघाचे नेतृत्व संस्थानिकानेच करावे अशी समजूत होती. मात्र लॉर्ड्सवर २५ जूनला सुरू झालेल्या कसोटीत महाराज स्वतःहून बाजूला राहिले आणि नेतृत्व नायडूंकडे आले. इंग्लंडचे पहिले तीन फलंदाज १९ धावांत परतले होते, मोहम्मद निस्सार यांनी त्या डावात पाच बळी घेतले आणि भारताच्या पहिल्या डावात नायडूंच्या ४० धावा सर्वाधिक ठरल्या. सामना १५८ धावांनी गेला.

या दौऱ्याबद्दल मला जे विशेष वाटते ते त्या कसोटीपलीकडचे आहे. अख्ख्या दौऱ्यात कसोटी एकच होती. बाकी उन्हाळाभर संघ गावोगावी कौंटी संघांशी खेळत फिरत होता आणि त्या प्रथम श्रेणी सामन्यांत नायडूंनी १६१८ धावा काढल्या. वर मी ज्या राखीव खेळाडूंविषयी लिहिले, त्यांच्या वाट्याला अशा दौऱ्यात भरपूर क्रिकेट येत असे. महाराजांनी स्वतःचे मानाचे स्थान सोडून योग्य माणसाला पुढे केले, ही गोष्टही आपल्या वडिलांनी सांगितली असेल. नसल्यास आपण नातवंडांना सांगावी.

प्रश्न : परदेश दौऱ्याचा खर्च कोण करतो? जो खेळाडू एकही सामना खेळत नाही त्याला काही मिळते का?
— एक विद्यार्थी, सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : प्रचलित रीत अशी आहे की विमानप्रवास आणि मानधन पाहुण्या संघाचे मंडळ देते, तर यजमान देशातील निवास आणि अंतर्गत प्रवास यजमान मंडळ पाहते, प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न यजमानांकडे राहते. भारतीय खेळाडूला एका कसोटीचे १५ लाख रुपये मिळतात आणि अंतिम अकरांत नसलेल्या राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. २०२२ पासून महिला खेळाडूंचे सामन्याचे मानधन पुरुषांइतकेच आहे.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. यंदा त्याची संघात निवड झाली आणि संघ पाच सामन्यांसाठी बाहेरच्या जिल्ह्यात गेला. पाचही सामन्यांत त्याला एकदाही खेळवले नाही. पाणी, टॉवेल आणि हातमोजे घेऊन तो मैदानात पळत राहिला. त्याच्या प्रवासासाठी मी आठ दिवसांच्या वेचणीची मजुरी दिली होती. घरातले म्हणतात, पोरगा पाणी पाजायला पाठवला. त्याला पुन्हा पाठवू की नको?
— एक आई, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती

उत्तर : ताई, आपले पत्र मी तीन वेळा वाचले आणि या अंकात दुसरे काही छापले नसते तरी हे छापले असते.

आपल्याच विदर्भातल्या एका गोलंदाजाविषयी सांगतो. उमेश यादव नागपूरजवळच्या खापरखेडा भागातला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. टेनिसच्या चेंडूने खेळत तो मोठा झाला, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी सामन्यात उतरला आणि २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न कसोटीत गोलंदाजी करताना त्याच्या पोटरीला दुखापत झाली आणि तो लंगडत मैदानाबाहेर गेला. त्यानंतर संघ ब्रिस्बेनला जिंकला, तो त्याच्याविना. जून २०२१ मध्ये संघ इंग्लंडला गेला तेव्हा उमेश बरोबर होता. साउदम्प्टनच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात तो बसून राहिला, नंतर नॉटिंगहॅम, लॉर्ड्स आणि लीड्सच्या कसोटींतही बसून राहिला. तीन महिने तो जाळीत गोलंदाजी करीत होता आणि सामन्याच्या दिवशी इतरांसाठी बाटल्या नेत होता. सप्टेंबरमध्ये ओव्हलच्या चौथ्या कसोटीत त्याला घेतले. पहिल्याच संध्याकाळी त्याने इंग्लंडचा कर्णधार जो रूट याचा त्रिफळा उडवला. हा रूट त्या उन्हाळ्यात कोणालाच आवरत नव्हता. दोन्ही डावांत मिळून त्याने सहा बळी घेतले, भारत १५७ धावांनी जिंकला आणि इंग्लंडचा शेवटचा गडी अँडरसन यालाही उमेशनेच बाद केले.

बसून राहिलेल्या माणसाला अचानक असे कसे जमते? मला याचे उत्तर त्या पाण्याच्या बाटलीतच दिसते. बारावा गडी षटकांच्या मधल्या वेळेत मैदानाच्या मध्यापर्यंत जातो. खेळपट्टी तो जवळून पाहतो, फलंदाज काय म्हणतो ते ऐकतो, कर्णधाराचा निरोप आत नेतो आणि गोलंदाजाचा निरोप बाहेर आणतो. एखादा जायबंदी झाला तर त्याच्या जागी क्षेत्ररक्षणाला उभे राहायचे असते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात ऋषभ पंतच्या बोटाला लॉर्ड्सवर दुखापत झाली आणि मँचेस्टरला त्याच्या पायाचे हाड मोडले. दोन्ही वेळा ध्रुव जुरेलने बदली म्हणून यष्टीमागे उभे राहून काम केले. क्षेत्ररक्षणापुरत्या आलेल्या अशा बदली खेळाडूला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही, पण २०१७ पासून पंचांच्या संमतीने यष्टीरक्षण करता येते. पुढच्या ओव्हल कसोटीत जुरेल अंतिम अकरांत होता, आणि तो सामना भारताने अवघ्या सहा धावांनी जिंकून मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली. नटराजनची गोष्ट तर त्याहून मोठी आहे : तमिळनाडूच्या खेड्यातला हा डावखुरा गोलंदाज २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाला केवळ जाळीत गोलंदाजी करण्यासाठी गेला होता आणि एकाच दौऱ्यात एकदिवसीय, टी-ट्वेंटी आणि कसोटी या तिन्ही प्रकारांत पदार्पण करून परतला.

एवढे सांगूनही एक गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे. देशाचा संघ जिंकण्यासाठी जातो, म्हणून तेथे एखाद्याला दौराभर बसावे लागणे समजण्यासारखे आहे. चौदा वर्षांची मुले शिकण्यासाठी जातात. पाच सामन्यांत एका मुलाला एकही षटक, एकही डाव न देणे मला अजिबात पटत नाही. मुलाच्या आईने आठ दिवस पऱ्हाटीत वाकून मिळवलेले पैसे त्यात गेले असतील तर मुळीच नाही. पुढच्या वेळी निवड झाली तर जाण्यापूर्वीच प्रशिक्षकांना भेटून, आपल्या मुलाला किमान एक सामना मिळणार आहे का, हे शांतपणे विचारा. हे विचारण्यात लाचारी नाही आणि भांडणही नाही. प्रवासखर्चाचा काही भाग संस्था उचलते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. उत्तर समाधानकारक मिळाले तर त्याला अवश्य पाठवा.

आणि आज संध्याकाळी एक करून पाहा. मुलाला जवळ बसवून त्या पाच सामन्यांबद्दल विचारा : समोरच्या संघाचा सर्वांत चांगला फलंदाज कोणता होता, तो कोणत्या चेंडूवर चुकत होता, खेळपट्टी दुपारनंतर कशी बदलली, आणि कर्णधाराने त्याच्याकडे कोणता निरोप देऊन आत पाठवले. तो काय सांगतो ते ऐकून घ्या आणि सवड मिळेल तेव्हा मला दोन ओळी लिहून कळवा.